मूल आजारी पडलं की आधी काय पाहायचं: ताप, खोकला, जुलाब आणि पुरळ

मूल रात्री तापानं फणफणलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘काय झालं असेल याला?’ त्या क्षणी याचं उत्तर बहुतेकदा डॉक्टरांकडेही नसतं. साधी सर्दी, गोवर, डेंगी, लघवीतला जंतुसंसर्ग, पहिल्या दिवशी सगळं सारखंच दिसतं: ताप, किरकिर, भूक गेलेली. आजाराला नाव मिळायला कधी दोन दिवस जावे लागतात, कधी तपासणी लागते.

पालकांनी त्या रात्री ठरवायचं असतं ते वेगळंच. आत्ता रुग्णालय गाठायचं, सकाळी डॉक्टरांना दाखवायचं, की घरीच सांभाळायचं? हे ठरवायला रोगाचं नाव लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकात आरोग्यसेवकांसाठी बालआजारांची जी पद्धत बसवली, तीही याच वाटेनं जाते. आधी धोक्याच्या खुणा, मग वय, मग लक्षणं, आणि त्यावरून तीनपैकी एक गट. घरी तेवढंच नीट करता आलं तरी पुष्कळ आहे.

पायरी १: धोक्याच्या खुणा

थर्मामीटर शोधण्याआधी मुलाकडे पाहा. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर पुढचं वाचत बसू नका, निघा.

- मूल काहीच पिऊ शकत नाही, किंवा बाळ अंगावर ओढत नाही
- पोटात गेलेलं सगळंच्या सगळं उलटून पडतंय
- झटके आले किंवा येत आहेत
- मूल मलूल पडलंय, हलवून उठवलं तरी नीट जागं होत नाही, ओळख देत नाही
- ओठ किंवा जीभ निळसर-राखाडी दिसते (सावळ्या कांतीवर हे पटकन कळत नाही, म्हणून ओठांची आतली बाजू आणि जीभ पाहायची)
- श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय
- मान ताठ झालीय, किंवा तान्ह्या बाळाची टाळू शांत असतानाही फुगलेली लागते
- उलटी गडद हिरवी आहे
- अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत आणि दाबल्यावर ते फिके पडत नाहीत

यातल्या ‘मलूल’ या खुणेत सगळ्यांचाच गोंधळ होतो, कारण तापलेलं कुठलंही मूल पडूनच असतं. फरक असा पाहा: तुम्ही खोलीत आलात की त्याचे डोळे तुमच्याकडे वळतात का? नको ती गोष्ट पुढे केली की जोरात रडून हात झटकतं का? असं मूल थकलेलं आहे, पण शुद्धीत आहे. रडणं क्षीण झालंय, कशाचाच प्रतिकार नाही, नजर शून्यात, हे दिसलं तर ते मूल ‘शांत झोपलंय’ असं समजून सोडून द्यायचं नाही. आणि आईला किंवा रोज सांभाळणाऱ्या माणसाला ‘आज हे नेहमीसारखं नाही’ असं वाटत असेल तर ती खूण मी या यादीतच धरतो.

पायरी २: वय

तीन महिन्यांखालच्या बाळाचा नियम वेगळा आणि कडक आहे. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त भरला तर बाळ वरवर कितीही छान दिसत असलं तरी लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. घरी औषध देऊन ‘सकाळपर्यंत बघू’ हे या वयात चालत नाही. एवढ्या लहान बाळांत रक्तातला किंवा मेंदूभोवतीचा जंतुसंसर्ग तापाशिवाय दुसरी खूण न दाखवताही असू शकतो. नवजात बाळाचं अंग उलट गार पडणं, दूध कमी पिणं, हालचाल मंदावणं याही तितक्याच गंभीर खुणा आहेत.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा ताप ३९ अंशांवर गेला तर त्याच दिवशी दाखवावं. त्यापुढच्या वयात तापाचा आकडा कमी महत्त्वाचा आणि मुलाची अवस्था जास्त.

पायरी ३: श्वास मोजा

पालकांनी एकच तपासणी शिकायची असेल तर ही शिकावी. न्यूमोनिया ओळखण्यासाठी जगभरचे आरोग्यसेवक हेच करतात आणि त्याला सेकंद दाखवणाऱ्या घड्याळापलीकडे काही लागत नाही.

मूल शांत असताना किंवा झोपेत असताना त्याचा सदरा वर करा. पोट आणि छाती जिथे मिळतात तिथे नजर ठेवा. एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा मोह टाळा, कारण तान्ही बाळं काही श्वास भरभर घेतात, मग क्षणभर थांबतात, आणि गुणाकारात ती चूक चौपट होते. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. ताप खूप असेल तर तो थोडा उतरल्यावर पुन्हा एकदा मोजा.

दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर गती वाढलेली आहे. दोन महिन्यांखालच्या बाळात पहिला आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजून खात्री करायची. गती वाढलेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. त्याच्या जोडीला बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल तर थेट रुग्णालय.

पायरी ४: ताप

कपाळावर हात ठेवून ताप आहे की नाही याचा अंदाज येतो, किती आहे ते कळत नाही. डिजिटल थर्मामीटर वापरा, काखेत घाम पुसून लावा, आवाज होईपर्यंत हात अंगाशी धरून ठेवा. काखेतलं तापमान शरीराच्या आतल्यापेक्षा साधारण अर्ध्या अंशानं कमी येतं. आकड्याबरोबर वेळही लिहून ठेवा.

‘ताप डोक्यात जाईल’ ही भीती फार जुनी आहे. जंतुसंसर्गानं येणारा ताप मेंदू स्वतःच आखून दिलेल्या मर्यादेत ठेवतो, आणि ३९ किंवा ४० अंशांच्या तापानं निरोगी मुलाच्या मेंदूला इजा होत नाही. (उन्हात किंवा बंद गाडीत अडकून अंग तापणं हा वेगळा प्रकार आहे, तिथे अंग तातडीनं थंड करावं लागतं आणि तापाचं औषध काम करत नाही.) म्हणजे औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून. १०२ ताप असूनही मूल खेळत असेल तर औषध दिलंच पाहिजे असं नाही, आणि झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू तर अजिबात नये. औषधानं ताप उतरला म्हणून आजार साधाच आहे, असाही निष्कर्ष काढू नका.

पॅरासिटॅमॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. घोळ होतो तो बाटलीत. एकाच औषधाची एक बाटली ५ मिलिलीटरला १२० मिलिग्रॅमची असते, दुसरी ५ मिलिलीटरला २५० ची, आणि थेंबांची बाटली त्याहूनही दाट असू शकते. समजा मूल ११ किलोचं आहे. त्याला ११० ते १६५ मिलिग्रॅम हवं. पहिल्या बाटलीतून ५ मिलिलीटर दिलं की १२० मिलिग्रॅम जातं, बरोबर आहे. संपली म्हणून आणलेली दुसरी बाटली तेवढीच भरून दिली तर २५० मिलिग्रॅम जातं, म्हणजे किलोमागे जवळपास २३. एकदा झालं तर बहुधा काही होत नाही, पण तीन दिवस दर सहा तासांनी असं घडलं तर यकृताला धोका असतो. म्हणून दर नव्या बाटलीचं लेबल वाचायचं, आणि घरातल्या चमच्याऐवजी खुणा असलेली पिचकारी किंवा माप वापरायचं. सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटॅमॉल असतं, तेही हिशेबात धरा.

आयबुप्रोफेन सहा महिन्यांखाली डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नका. मूल जुलाबानं सुकलेलं असेल, कांजिण्या असतील किंवा डेंगीची शंका असेल तर ते टाळा. ॲस्पिरिन मुलांना तापासाठी द्यायचंच नाही. विषाणूजन्य आजारात त्यातून राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा दुर्मीळ विकार होऊ शकतो. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी मूल कुडकुडतं आणि आतलं तापमान आणखी वाढतं, तेव्हा त्याही नकोत. सैल कपडे, खेळती हवा आणि वरचेवर प्यायला देणं, एवढं पुरे.

तापात येणारी आकडी सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते आणि पाहणाऱ्याचा जीव अर्धा करते. बहुतेक आकड्या काही मिनिटांत आपोआप थांबतात. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली तर तातडीची मदत बोलवा. लवकर थांबली तरी पहिल्या आकडीनंतर लगेच तपासून घ्याच. तापाचं औषध वेळेवर देऊन आकडी टळते असं आढळलेलं नाही, त्यामुळे ‘आपण औषध द्यायला उशीर केला’ म्हणून स्वतःला बोल लावू नका.

ताप तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. पाच दिवस चालला, जोडीला डोळे लाल आणि ओठ फुटलेले असतील, तर कावासाकी आजार वगळावा लागतो, कारण तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करतो. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, नुसता ताप, अशा लहान मुलाची लघवी तपासायची राहून जाते. लघवीतला संसर्ग या वयात अनेकदा तेवढाच दिसतो. स्वतःहून विचारा, ‘लघवी तपासायची का?’ मलेरिया असलेल्या भागात पहिल्याच दिवशी रक्त तपासावं. डेंगीत तर उलटाच खेळ असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि धोक्याचा काळ तिथेच सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, अस्वस्थपणा, यांतलं काही दिसलं तर थांबू नका.

पायरी ५: जुलाब आणि उलट्या

२४ तासांत तीन किंवा जास्त पातळ शी झाल्या तर त्याला जुलाब म्हणायचं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळ आणि वरचेवर असते. तिथे नेहमीपेक्षा काय बदललं ते पाहा.

जुलाबात मूल दगावतं ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे. तेव्हा शी किती वेळा झाली यापेक्षा आत किती पाणी उरलंय ते तपासा. लघवी कधी झाली? सहा-आठ तासांत लंगोट कोरडाच असेल तर काळजी घ्या. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, तोंड ओलं आहे का, डोळे खोल गेलेत का? पोटावर, बेंबी आणि कुशीच्या मधे, कातडीची चिमूट घेऊन सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. हळूहळू सपाट झाली तर पाणी कमी पडलंय. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ उभी राहिली तर पाणी फार गेलंय, आणि अशा मुलाला सलाइन लागतं. पाणी कमी झालेलं मूल कपावर तुटून पडतं. फारच कमी झालं की ते पिणंही सोडून देतं.

उपाय ओआरएस, म्हणजे क्षार-साखरेचं पाणी. आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनं आत घेणारी एक वाट असते, आणि पटकीसारख्या (कॉलरा) आजारातही ती चालू राहते. ती जोडी आत गेली की मागोमाग पाणी जातं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातांनी रुग्णांना पाजलं आणि पटकीचे मृत्यू झपाट्यानं उतरले. आज पाकिटातून मिळतं ते त्याचंच सुधारलेलं रूप.

पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच मोजून घ्या, स्वच्छ आणि प्यायचं, आणि पूर्ण पाकीट एकदम घाला. अर्धं पाकीट अंदाजानं पेलाभर पाण्यात टाकणं धोक्याचं आहे. मीठ जास्त झालं तर नवंच संकट उभं राहतं. वर साखर, रस, दूध काही मिसळू नका. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. पाकीट मिळेपर्यंतची सोय म्हणून एक लीटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. थंड पेयं आणि डब्यातले रस ही ओआरएसची जागा घेत नाहीत, त्यातली जादा साखर उलट आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलीटर, त्यावरच्याला १०० ते २०० मिलिलीटर द्या. ‘दिलं की उलटी होते’ ही तक्रार येते ती बहुधा तहानलेल्या मुलानं घटाघटा प्यायल्यामुळे. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलीटर. कंटाळवाणं वाटतं, पण तासाभरात १५० मिलिलीटर पोटात गेलेलं असतं. दोघांनी आलटून पालटून हे केलं तर रुग्णालयाच्या अनेक फेऱ्या वाचतात.

अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवलं तर आतडं भरून यायला उलट वेळ लागतो. झिंक डॉक्टर सांगतील त्या मात्रेत १० ते १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी. जुलाब रोखणारी मोठ्यांची औषधं मुलांना नकोत. शीमध्ये रक्त दिसलं, जुलाब १४ दिवसांवर गेले, किंवा पोटदुखी बेंबीपासून उजवीकडे खाली सरकून तिथेच ठाण मांडून बसली तर डॉक्टर. अशा पोटदुखीत मुलाला एका पायावर उडी मारायला सांगा. दुखण्यानं त्याला ती मारता आली नाही तर अपेंडिक्सची शंका घ्यायची.

पायरी ६: खोकला, कान, घसा

लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून प्रतिजैविक लागत नाही. तो रंग शरीराच्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, दूध पाजण्याआधी नाक मोकळं करा. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध. वर्षाच्या आत मध अजिबात नको, बॉट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं चार वर्षांखाली टाळावीत. फायदा जेमतेम, त्रास मात्र खरा.

दोन वर्षांखालच्या मुलाची सर्दी उतरून छातीत घरघर सुरू झाली तर ते ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिकांची सूज, असू शकतं. ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ‘बरं आहे’ असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं असलं तरी श्वास मोजत राहा. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध जात असेल तर परत न्या. मध्यरात्री कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना शीळ, हे क्रूप, म्हणजे घशाखालच्या श्वासमार्गाची सूज. मुलाला मांडीवर बसवा, रडू देऊ नका, आडवं पाडू नका. शांत असतानाही शीळ ऐकू आली तर लगेच निघा. बहुतेकांना स्टेरॉइडच्या एका मात्रेनं आराम पडतो.

कानदुखीला वेदनाशामक द्या, तेल किंवा दुसरं काहीही कानात घालू नका. पुष्कळ कान दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होतात. बाळ सहा महिन्यांखालचं असेल, कान फुटून पू येत असेल किंवा कानामागे सूज असेल तर वाट पाहू नका. घसा दुखतोय, ताप आहे, मानेत पुढे गाठी आहेत आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असं पाच ते पंधरा वयात दिसलं तर स्ट्रेप्टोकॉकस या जंतूची तपासणी करून घ्या. त्यावर पूर्ण उपचार झाला नाही तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

पायरी ७: पुरळ

पारदर्शक काचेचा पेला पुरळावर दाबा. काचेखाली पुरळ फिकं पडलं तर ठीक. तसंच राहिलं आणि मुलाला ताप आहे, तर पहिल्या यादीकडे परत जा आणि निघा.

बाकी पुरळात क्रम पाहायचा. गोवरात तीन-चार दिवस ताप, खोकला, नाक वाहणं, लाल डोळे आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ. अशा मुलाला डॉक्टरांकडून जीवनसत्त्व ‘अ’ मिळायला हवं. रोझिओलात तीन ते पाच दिवस जोराचा ताप, आणि तो उतरल्यावर अंगभर गुलाबी पुरळ. तोपर्यंत मूल बरं झालेलं असतं. कांजिण्यांत एकाच वेळी लाल ठिपके, पाण्याचे फोड आणि खपल्या शेजारीशेजारी दिसतात. तोंडात फोड, तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ, हा विषाणूजन्य आजार आठवडा-दहा दिवसांत जातो. त्यात खाताना तोंड झोंबतं म्हणून गार, मऊ पदार्थ द्या आणि लघवीवर लक्ष ठेवा. नवं औषध सुरू केल्यावर पुरळ आलं, ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर तो ॲलर्जीचा झटका समजून धावा.

पायरी ८: डॉक्टरांकडे आणि त्यानंतर

‘तीन दिवस खूप ताप आहे, काहीच खात नाही’ यातून डॉक्टरांना फारसं कळत नाही. असं लिहून न्या: ‘सोमवारी दुपारी ताप सुरू, सर्वांत जास्त ३९.४. पॅरासिटॅमॉल आजवर पाच वेळा, शेवटचं पहाटे ५ ला, १२० मिलिग्रॅम. कालपासून तीन लघव्या, शेवटची रात्री ११ ला. झोपेत श्वास ३६. वजन ११ किलो. घरात मोठ्या भावाला सर्दी.’ दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या.

प्रतिजैविक लिहून दिलं तर ‘कशासाठी?’ हे विचारायला संकोचू नका. विषाणूंवर ते चालत नाही. खरोखर लागत असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण करा, आणि उरलेली बाटली पुढच्या आजाराला किंवा धाकट्या भावंडाला वापरू नका. निघताना एक प्रश्न नक्की विचारा: ‘काय झालं तर परत आणायचं, आणि किती तासांत?’ दोन दिवसांत उतार पडला नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर न बोलावताही परत जा.

शाळेत पाठवायचं ते औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हा. शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास, गोवराचं पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस, आणि कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवा. आजार गेल्यावर भूक परत येते तेव्हा दोनेक आठवडे रोज एक खाणं जास्त द्या आणि वजन करा. महिन्याभरानंतरही वजन पूर्वीच्या आकड्यावर आलं नसेल तर त्यासाठी वेगळं दाखवून घ्या.